पालेकर आधी दिग्दर्शक होते

मालिकांमध्ये बरीच वर्षं काम केलेल्या एका अभिनेत्याने विचारलं आहे: "मला आता दिग्दर्शन करायचं आहे. अमोल पालेकर नट म्हणून ऐन भरात असताना दिग्दर्शनाकडे वळले. त्यांना ते कसं जमलं? आणि त्यात त्यांचं नुकसान झालं का?"

मी संकलक आहे. अंधेरीतल्या एडिट रूममध्ये बसून नटांनी दिग्दर्शित केलेले पहिले सिनेमे कापणं हा माझ्या कामाचा मोठा भाग राहिला आहे, त्यामुळे उत्तरही एडिटच्या टेबलावरूनच येणार. पालेकरांसोबत मी काम केलेलं नाही. त्यांचे सिनेमे मात्र थांबवून थांबवून पाहिले आहेत, कट कुठे पडलाय ते बघत.

तुमच्या प्रश्नातलं एक गृहीतक आधी बाजूला ठेवू. पालेकर नट होते आणि मग दिग्दर्शक झाले, असा सरळ क्रम नाही. 'रजनीगंधा' आला १९७४ साली. त्याच्या दोन वर्षं आधी, १९७२ मध्ये, त्यांनी 'अनिकेत' ही स्वतःची नाट्यसंस्था काढून नाटकं बसवायला सुरुवात केली होती. त्याच्याही आधी ते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार होते. बँक ऑफ इंडियात नोकरी आणि सत्यदेव दुब्यांच्या थिएटर युनिटमध्ये नाटक, असा दिनक्रम. मुंबईत तेव्हा अशी माणसं पुष्कळ होती. दिवसभर फोर्टात लेजर, संध्याकाळी तालीम, शेवटच्या लोकलने घर. प्रायोगिक रंगभूमी अशाच नोकरदारांच्या जिवावर उभी राहिली, आणि पगार दुसरीकडून येत असल्यामुळे नाटकाला गल्ल्याचा विचार करावा लागला नाही. ही गोष्ट पालेकरांच्या पुढच्या सगळ्या निर्णयांत दिसते असं मला वाटतं. चरितार्थ एका कामावर आणि मन दुसऱ्या कामात, ही सवय त्यांना सिनेमाच्या आधीपासूनची होती.

दुब्यांकडे शिकणं म्हणजे काय, हे आज समजावणं अवघड आहे. दुबे उच्चारांच्या बाबतीत निर्दय होते. शब्दाचं वजन कुठे पडतंय, वाक्याच्या शेवटी नट श्वास सोडून देतोय का, यावर तालीम थांबवणारा माणूस. १९७१ मध्ये दुब्यांनी तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'वर सिनेमा केला, त्यात पालेकर होते. सुलभा देशपांडे, अरविंद देशपांडे अशी माणसं आजूबाजूला. म्हणजे 'रजनीगंधा'चे दिग्दर्शक बासू चॅटर्जी यांना सापडलेला तो 'साधासुधा' तरुण अजिबात कच्चा नव्हता. साधेपणा ही त्याची निवड होती, आणि ती निवड दिग्दर्शकाच्या डोक्यातून आलेली होती.

मग 'रजनीगंधा', १९७६ मध्ये 'छोटी सी बात' आणि 'चितचोर', १९७७ मध्ये 'घरौंदा' आणि 'भूमिका', १९७९ मध्ये 'गोलमाल' आणि 'बातों बातों में'. 'गोलमाल'साठी फिल्मफेअर. हा भाग सगळ्यांना पाठ आहे, म्हणून त्यात फार रेंगाळत नाही. फक्त दोन कामांकडे पुन्हा बघा. 'छोटी सी बात'मधला अरुण बसस्टॉपवर उभा आहे, मनात शंभर वाक्यं आहेत आणि तोंडातून एकही निघत नाही. तिथे अभिनय आहे तो ऐकण्याचा आणि न बोलण्याचा. जहांगीर आर्ट गॅलरीतल्या 'समोवार'मधला प्रसंग घ्या. (समोवार २०१५ साली बंद झालं, आता तो सिनेमाच तिथला पुरावा.) समोरचा माणूस बाजी मारून नेतोय आणि अरुणच्या चेहऱ्यावर फक्त हिशेब चुकल्याची जाणीव. दुसरं काम 'भूमिका'मधला केशव दळवी. बायकोच्या कमाईवर जगणारा, तिच्यावर संशय घेणारा, चिकट माणूस. हिंदीत लोकांच्या गळ्यातला ताईत झालेल्या नटाने ऐन त्याच काळात हे काम घेतलं. आपण प्रेक्षकाला आवडलंच पाहिजे, ही नटाची सर्वात खोल भूक. ती ज्याला आवरता येते, तोच पुढे दिग्दर्शक म्हणून टिकतो. माझ्या टेबलावर आलेल्या पहिलटकरांपैकी जे अडखळले, त्यातले बहुतेक इथेच अडखळले.

१९८१ चा 'आक्रीत' मी तुम्हाला आवर्जून बघायला सांगेन. मानवतच्या हत्याकांडावर आधारलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गुप्तधन आणि अपत्यप्राप्तीच्या अंधश्रद्धेतून खून पडले होते, त्याची ही गोष्ट. पहिला सिनेमा दिग्दर्शित करताना पालेकरांनी स्वतःला कोणती भूमिका दिली? मुकुटरावची. खून घडवून आणणाऱ्या माणसाची. घराघरांत ओळखीचा झालेला तो सालस चेहरा त्यांनी स्वतःच वापरला आणि स्वतःच मोडला. व्यवहाराच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचा सौदा. हिंदीतला त्यांचा प्रेक्षक मराठीत यायला तयार असता, तरी हे बघायला आला नसता. पण दिग्दर्शक म्हणून ती निवड अचूक होती. कारण अशा गोष्टीत भीती वाटायला हवी ती ओळखीच्या माणसाची. कपाळावर आठ्या आणि तांबारलेले डोळे घेऊन आलेला खलनायक असता, तर प्रेक्षक सुटला असता.

इथे थोडं तांत्रिक बोलतो, कारण तुमच्या कामाचं आहे. त्या काळात आपल्याकडे सेटवर व्हिडिओ मॉनिटर नव्हता. स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा असलेला दिग्दर्शक आपला टेक बघू शकत नसे. निगेटिव्ह लॅबला जाणार, रशेस, म्हणजे धुऊन आलेला कच्चा माल, काही दिवसांनी येणार, तोवर लोकेशन सुटलेलं असायचं. मग टेक ओके झाला हे ठरवायचं कोणी? कॅमेरामनने, सहाय्यकाने आणि नटाच्या स्वतःच्या आतल्या कानाने. हा आतला कान नाटकातून येतो. रंगमंचावर आपण कुठे उभे आहोत, पाठीमागे कोण हललं, वाक्य किती लांबलं, हे न बघता कळावं लागतं. आज मॉनिटर आहे, प्रत्येक टेकनंतर प्लेबॅक मागता येतो, आणि नेमकं त्यामुळेच स्वतःला दिग्दर्शित करणारा नट बिघडतो. तो प्लेबॅकमध्ये सीन बघतच नाही, स्वतःला बघतो. केस, मान, हनुवटी. मग "एक और" म्हणतो. माझ्याकडे येतात ते नऊ टेक. तिसऱ्यात सीन जिवंत आहे, नवव्यात त्याचा चेहरा चांगला दिसतोय, आणि तो नववा लावायला सांगतो.

नट-दिग्दर्शकांच्या कच्च्या मालात मला नेहमी दिसणारी दुसरी खोट म्हणजे ऐकणाऱ्याचा शॉट नसतो. बोलणाऱ्यावर क्लोज, मिड, थोडा पुश-इन (कॅमेरा हळूच जवळ जाणारा), सगळं असतं. ऐकणाऱ्यावर घाईत उरकलेला एक ओव्हर-द-शोल्डर, म्हणजे बोलणाऱ्याच्या खांद्यामागून घेतलेला शॉट, तोही नजर न जुळणारा. कारण आयुष्यभर त्या माणसाने स्वतःच्या ओळी मोजल्या आहेत. आणि सीनची गती ठरते ती ऐकणाऱ्यावरच. कोणत्या शब्दावर समोरच्याचा चेहरा बदलला, तिथे कट पडतो. तो चेहराच नसेल, तर मी कापू कशाला?

याच कारणासाठी 'अनकही' (१९८५) हा मला पालेकरांचा सर्वात शिकण्यासारखा सिनेमा वाटतो. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कालाय तस्मै नमः' या नाटकावर आधारलेला. ज्योतिषी बापाने भाकीत केलंय की मुलाची पहिली बायको बाळंतपणात जाणार. मुलाचं प्रेम एकीवर, आणि तिला वाचवायचं म्हणून तो आधी दुसऱ्याच एका भोळ्या मुलीशी लग्न करतो. ही भोळी मुलगी, इंदू, म्हणजे दीप्ती नवल. बाप डॉ. श्रीराम लागू. आणि मुलगा स्वतः पालेकर. आता बघा, नाटकावरून केलेला सिनेमा म्हटलं की शब्दांचा पूर येतो. इथे ज्या माणसाच्या डोक्यात सगळं कपट शिजतंय तो बोलू शकत नाही, जिच्यावर ते शिजतंय तिला काहीच माहीत नाही, आणि ज्याला भविष्य दिसतं तो हतबल. तिघांच्याही न बोललेल्या गोष्टींवर सिनेमा उभा. दिग्दर्शकाने स्वतःकडे नायकपण ठेवलंच नाही. प्रेक्षकाची माया दीप्ती नवलकडे जाते आणि ती जाऊ द्यायची हे गणित लिहितानाच केलेलं आहे. त्याच सिनेमात पंडित भीमसेन जोशी गायले. त्यासाठी त्यांना पार्श्वगायनाचा आणि जयदेवांना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती भजनं कथेच्या तोंडी शब्द न घालता बापाच्या घरातली श्रद्धा आणि भीती दोन्ही उभी करतात. एवढ्या मोठ्या आवाजाला वाट करून द्यायची तर चित्र शांत ठेवावं लागतं. ते भान चित्रकाराला असतं, नटाला क्वचित.

दूरदर्शनवरची 'कच्ची धूप' ही मालिकाही विसरू नका. १९८७ ची. त्यात भाग्यश्री होती आणि एक तरुण होता, आशुतोष गोवारीकर. तोही तेव्हा नट. पुढे १९९३ ला त्याने 'पहला नशा' केला, मग 'बाज़ी', दोन्ही फारसे चालले नाहीत, आणि २००१ मध्ये 'लगान'. कोणी कोणाकडून काय उचललं हे सिद्ध करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण सेटवर दिग्दर्शकाशेजारी उभा राहून बघणारा नट आणि आपल्या व्हॅनिटीत जाऊन बसणारा नट, या दोघांत फरक पडतो. तुम्ही मालिकेत आहात. रोज एका युनिटसोबत बारा-बारा तास असता. शॉट संपल्यावर कुठे जाऊन बसता, एवढाच माझा प्रश्न.

आता नुकसानीबद्दल. मराठीतली दुसरी वाट शेजारी ठेवल्याशिवाय ते कळणार नाही. सचिन आणि महेश कोठारे, दोघेही बालकलाकार. १९६३ साली एकाचा 'हा माझा मार्ग एकला' आणि दुसऱ्याचा 'छोटा जवान'. दोघेही ऐंशीच्या दशकात दिग्दर्शक झाले आणि स्वतःच्या सिनेमात स्वतः राहिले. कोठाऱ्यांचा 'धुमधडाका' १९८५, सचिनचा 'अशी ही बनवाबनवी' १९८८. यांना हलकं लेखण्याची फॅशन आहे, मला ती पटत नाही. कोठाऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर काय केलं ते बघा: हशा लक्ष्याला दिला. स्वतः सरळ चालीचा नायक किंवा इन्स्पेक्टर राहिले, म्हणजे सीनची लगाम हातात आणि टाळी दुसऱ्याची. 'बनवाबनवी'तही अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत यांना मोकळं रान आहे, आणि चौघांच्या एन्ट्री-एक्झिटची घड्याळासारखी मांडणी दिग्दर्शकाची. ती कापताना एक फ्रेम इकडेतिकडे झाली तर विनोद पडतो. म्हणजे तिथेही तेच, नटाने स्वतःची भूक आवरलेली. वेगळेपण एवढंच की या दोघांनी प्रेक्षक सोबत नेला आणि पालेकरांनी नेला नाही.

नेता आला असता का? माझं मत, नाही. कारण त्यांना करायचे होते ते सिनेमे त्या प्रेक्षकाचे नव्हतेच. १९९० चा 'थोड़ासा रूमानी हो जायें' बघा, पद्याच्या अंगाने जाणारे संवाद, पाऊस पाडतो म्हणणारा नाना पाटेकर. १९९५ ची 'बनगरवाडी', व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरची, जिच्यात रूढ अर्थाने कथानकच नाही. माणदेशातली धनगरांची वस्ती, एक पोरसवदा मास्तर, आणि शेवटी दुष्काळ. तिला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग 'दायरा'. त्यानंतर २००१ चा 'ध्यासपर्व', र. धों. कर्व्यांवरचा. कर्वे म्हणजे याच मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढणारे, विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागलेले, 'समाजस्वास्थ्य' या आपल्या मासिकासाठी कोर्टाची पायरी चढलेले. किशोर कदमने ती भूमिका केली. पालेकरांनी स्वतः केली नाही, आणि तोवर ते आपल्या सिनेमात दिसेनासेच झाले होते. नाटकांच्या संहिता आधी मंजूर करून घेण्याच्या सक्तीविरुद्ध २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जाणारा माणूस कर्व्यांवर सिनेमा करतो, यात मला नवल वाटत नाही.

सगळंच जमलं असं मी म्हणणार नाही. 'थोड़ासा रूमानी'मध्ये पद्याचा ठेका मधूनच नटांच्या पायात येतो. नानाला तो पेलतो, इतरांना प्रत्येक वेळी नाही. आणि २००९ च्या 'समांतर'मध्ये ते पुन्हा स्वतःच्याच दिग्दर्शनात उभे राहिले, शर्मिला टागोरांसमोर. तिथे मला दिग्दर्शकाचा हात नटावर जरा सैल पडल्यासारखा वाटला. हे माझं मत. तुम्ही बघा आणि भांडा.

२००५ चा 'पहेली' मात्र वेगळा धडा आहे. विजयदान देथांची 'दुविधा' ही कथा. त्यावर मणि कौलांनी १९७३ मध्येच सिनेमा केला होता, अगदी कोरडा, थिजलेल्या चित्रांसारखा. त्याच कथेवर पालेकरांनी शाहरुख खान आणि राणी मुखर्जीला घेऊन रंगांची उधळण केली. नसीरुद्दीन आणि रत्ना पाठक शाह यांच्या आवाजातल्या कठपुतळ्यांना निवेदक केलं आणि शेवट बदलला: भूत जिंकतं आणि नवऱ्याच्या देहात शिरून परत येतं. देथांच्या कथेचा डंख त्याने बोथट होतो अशी तक्रार मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. पण बायकोची इच्छा शेवटी पूर्ण होऊ देणं ही सुद्धा एक बाजू घेणंच आहे. सिनेमा भारताकडून ऑस्करला गेला. तिकीटबारीवर शाहरुखच्या नावाला साजेसं काही घडलं नाही. स्टार घेतला की प्रेक्षक स्टारचा येतो आणि दिग्दर्शकाची गोष्ट मागत नाही. ही अडचण पालेकरांना नट म्हणून कधी आली नव्हती, कारण ते स्वतः त्या अर्थाने स्टार नव्हते.

तेव्हा नुकसान झालं का? पैशाचं, प्रसिद्धीचं, नक्कीच. नव्या पिढीने त्यांना 'गोलमाल'च्या मिश्यांवरून ओळखलं आणि मग थेट २०२३ च्या 'फर्ज़ी'मधल्या छापखाना चालवणाऱ्या म्हाताऱ्या आजोबांवरून. मधले वीस-पंचवीस वर्षांचे सिनेमे बऱ्याच जणांच्या गावीही नाहीत. हे तुम्हाला चालणार असेल तर पुढे वाचा.

तुमच्यासाठी काही रोकडं सांगतो. पहिल्या सिनेमात मुख्य भूमिका करू नका. निर्माता म्हणेल की तुमच्या चेहऱ्यावर चॅनेलचे सॅटेलाइट हक्क विकता येतील. तो खरं बोलत असेल, तरीही दोन-तीन सीनची भूमिका घ्या. मुख्य घ्यावीच लागली तर मॉनिटरसमोर असा माणूस बसवा जो तुम्हाला सगळ्या युनिटसमोर "दादा, नाही झालं" म्हणू शकेल, आणि त्याचा ओके तोच शेवटचा ओके हे पहिल्या दिवशीच जाहीर करा. चीफ असिस्टंट जुना मित्र असेल तर हे होत नाही, मित्र गप्प बसतात. रेणुका शहाण्यांनी 'रीटा' केला, सुबोध भावेने 'कट्यार काळजात घुसली' केला. दोघेही आपापल्या सिनेमात आहेत, आणि दोन्हीकडे सिनेमाचा भार इतरांच्या खांद्यावर जास्त आहे. 'रीटा'त पल्लवी जोशी आणि 'कट्यार'मध्ये शंकर महादेवन-सचिन पिळगावकर यांच्याकडे कॅमेरा किती वेळ आहे ते घड्याळ लावून बघा.

शॉट डिव्हिजन, म्हणजे कोणता सीन किती आणि कशा शॉट्समध्ये घ्यायचा याची आखणी, कागदावर करून आणा, आणि प्रत्येक सीनखाली एकच ओळ लिहा: हा सीन कोणाच्या चेहऱ्यावर संपतो. ते ठरलेलं नसलं की सेटवर सगळंच शूट होतं. मग मराठी सिनेमाच्या शेड्यूलमध्ये दुपारनंतर उन्हाची आणि पैशाची एकदमच ओढाताण सुरू होते आणि जे कापलं जातं ते नेमके ऐकणाऱ्यांचे शॉट.

आणि शूटिंगच्या आधी एक महिना कुठल्याही एडिट रूममध्ये बसा. दुसऱ्याच्या सिनेमावर, खुर्ची मागे ओढून, न बोलता. मालिकेच्या एडिटला बसलात तर उत्तम, तिथे तुमचेच सीन असतील. आपला सर्वात आवडता टेक संकलक का फेकून देतो हे त्याला विचारू नका, बघत राहा. दोन आठवड्यांनी विचारा. तोवर अर्धी उत्तरं तुमची तुम्हाला मिळालेली असतील, आणि उरलेल्यांवर तो तुमच्याशी मोकळेपणाने भांडेल. चहा तुम्ही सांगा, रात्रपाळी असेल तर वडापावही.